हिवाळी स्टीलहेड: दिवसभर फ्लाय फिरवूनही एकही ओढ का येत नाही

उजाडताच पाण्यात उतरायचं, चार वाजेपर्यंत दोनशेदा लाइन टाकायची, मधे सात वेळा फ्लाय, म्हणजे पिसं गुंडाळलेला गळ, बदलायची, आणि रीळ एकदाही बोलत नाही. डिसेंबर ते मार्च या दिवसांत अमेरिकेतल्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या किनारी नद्यांवर स्टीलहेड मासा धरायला जाणाऱ्यांची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यामागचा प्रश्नही ठरलेला असतो: "कुठल्या रंगाची लावू?"

रंगाकडे शेवटी येऊ. त्याआधी पाणी, जागा, खोली आणि वेग तपासायचे, आणि याच क्रमाने. दोष बहुतेक वेळा शेवटच्या दोनांत निघतो. फ्लाय हवी तितकी खाली जात नाही, किंवा खाली जाते पण माशाच्या नाकासमोरून पळत सुटते.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. सगळं बिनचूक असलं तरी हिवाळ्यात दोन-दोन दिवस कोरडे जातात. दिवसाला एक ओढ आली तरी दिवस चांगला गेला म्हणतात. त्यामुळे "मासा लागला नाही, म्हणजे काहीतरी चुकलं" या वाटेने निदान होत नाही. निदान करायचं ते फ्लायच्या वागण्यावरून. ती किती सेकंदांत ताणली गेली, किती वेळात काठाला आली, तळाला लागली का, या खुणा प्रत्येक फेकीला मिळतात.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होऊन अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. कोकणातल्या माणसाला "चढणीचे मासे" म्हटलं की अर्धी गोष्ट कळते. पाणी चढलं की तो नदीत शिरतो आणि ओसरू लागलं की वरची वाट धरतो. फरक पाण्याच्या थंडीचा. जानेवारीत हे पाणी ४० ते ४५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे ४ ते ७ अंश सेल्सियस. एवढ्या गारठ्यात मासा फ्लायच्या मागे धावत नाही, शिवाय नदीत आल्यावर तो जवळजवळ काही खातही नाही. समोरून सावकाश, अंगावर आल्यासारखी जाणारी वस्तू मात्र तो तोंडात धरतो. पुढचे सगळे उपाय या एका सवयीवर उभे आहेत.

सामान नेहमीचं धरलं आहे: १३ फुटी दोन हातांचा रॉड, ७ किंवा ८ वजनाचा (हा रॉडच्या ताकदीचा क्रमांक), स्कॅजिट हेड म्हणजे लाइनचा पुढचा आखूड, जाड, जड भाग, त्याला १० फुटी बुडणारी टिप, पुढे फ्लाय बांधायचा बारीक दोरा म्हणजे लीडर, आणि अडीच ते साडेतीन इंची फ्लाय. एका हाताचा रॉड असेल तर आकडे बदलतील, तर्क तोच.

पाणी: नदी पडती आहे का

घरून निघण्याआधी अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षण खात्याच्या नदी-मापकांचा आलेख उघडा. बघायचं ते पाण्याची उंची किती यापेक्षा रेघ कुठे चालली आहे हे. रेघ चढत असेल तर पाणी गढूळ, पालापाचोळ्याने भरलेलं, आणि मासे कडेला दबून बसलेले. शिखर ओलांडून रेघ उतरू लागली आणि पाणी निवळत आलं की मासे हलतात, आणि वाटेत थांबतातही. फ्लायसाठी हेच दिवस. रेघ आठवडाभर सपाट पडली असेल तर पाणी काचेसारखं स्वच्छ, मासा बिथरलेला.

प्रत्येक नदीचा निवळण्याचा वेळ वेगळा असतो, आणि वाया जाणारे बरेच दिवस इथे जातात. ऑरेगनमधल्या टिलामूकच्या आसपास किल्चिस सगळ्यात आधी निवळते, विल्सन आणि ट्रास्क तिच्यामागून, नेहेलम सगळ्यात शेवटी. पावसानंतर दुसऱ्या दिवशी नेहेलमवर जाणं म्हणजे चहाच्या रंगाच्या पाण्यात फ्लाय बुडवणं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला हाच प्रकार आहे. बांध नसलेली, खडकाळ खोऱ्याची स्मिथ चटकन साफ होते. ईल मोठ्या पावसानंतर आठवडा-आठवडा गढूळ राहते. वॉशिंग्टनमधल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावरच्या होह नदीला हिमनद्यांचं पाणी येतं. तिच्यासाठी पावसाच्या अंदाजासोबत गोठणरेषेची उंचीही बघा. ती वर सरकली की डोंगरावर हिमाऐवजी पाऊस पडतो आणि नदी राखाडी होते.

पोहोचल्यावरची कसोटी सोपी आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहून बूट बघा. दिसत नसतील तर दुसरी नदी गाठा किंवा वरच्या अंगाला जा. बूट दिसतात, पण कंबरभर पाण्यात गेल्यावर हिरव्यात विरघळतात, असं असेल तर आता कुठे जायचं नाही.

जागा: मासे तुम्ही उभे असता तिथेच असतात

काडी टाका. दहा लांब पावलं, म्हणजे साधारण तीस फूट अंतर मोजून ती पार करायला किती सेकंद लागतात बघा. आठ ते दहा सेकंद लागले तर हे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाचं पाणी, म्हणजेच स्टीलहेडचं पाणी. पाच सेकंदांत गेली तर फार वेगवान, वीस लागले तर मेलेलं पाणी. त्यात खोली तीन ते सहा फूट आणि तळाला नारळाएवढे ते भोपळ्याएवढे दगड असले तर तिथे थांबा. वरचा खळाळ संपून डोह सुरू होतो तिथपासून खालच्या उथळ शेपटीपर्यंत अशी पट्टी सहसा सापडते.

नवख्यांची इथली चूक एकच. पाण्यात उतरायचं ते थेट कंबरेपर्यंत, आणि मग समोरच्या काठाकडे सत्तर फूट फेकायचं. नदी वर असताना, दीड-दोन फुटांपलीकडे दिसत नसताना, मासे मुख्य धार सोडून काठाकडच्या गुडघा ते मांडीभर पाण्यातून वर जातात. तुम्ही नेमके त्यांच्या रस्त्यात उभे असता. अशा दिवशी पहिल्या पाच-सहा फेकी पाण्यात न उतरता, नुसतं हेड बाहेर काढून टाका. मग दर फेकीला दोन-दोन फूट लाइन वाढवा. पाणी पडून स्वच्छ झालं की उलटं होतं: मासा धारेच्या कडेला, खोल किंवा लाटाळ पाण्यात जातो, आणि तेव्हा लांब फेकीला अर्थ येतो.

खोली: सगळ्यात जास्त दिवस इथे बुडतात

आधी थोडा हिशोब. टी-१४ नावाच्या टिपेचं वजन फुटाला १४ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) असतं आणि शांत पाण्यात ती सेकंदाला साधारण ९ इंच बुडते. टी-११ सुमारे ७ ते ८ इंच, टी-८ त्याहून इंचभर कमी. चार फूट म्हणजे ४८ इंच. टी-१४ला तिथे पोहोचायला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ हवा. पाणी सेकंदाला तीन फूट वाहत असेल तर तेवढ्या वेळात फ्लाय सोळा फूट खाली वाहून गेलेली असते. म्हणजे ज्या दगडामागे मासा असावा असं वाटतं त्याच्या सोळा फूट वर ती पडायला हवी, आणि ते पाचही सेकंद लाइन ढिली राहायला हवी. कारण हे बुडण्याचे आकडे ढिल्या लाइनचे आहेत. लाइन ताणली गेली की टिप बुडायची थांबते, वेगवान पाण्यात वर उचललीही जाते. ताणलेल्या टी-१४पेक्षा ढिली टी-८ खोल जाते. ही एक गोष्ट हातात बसली तर टिपांवर होणारा खर्च निम्मा होईल.

निदानासाठी फ्लाय पाण्यात पडल्यापासून लाइन ताणली जाईपर्यंत मनात सावकाश मोजा. दोनच्या आत ताणली गेली तर टिप कुठलीही असो, फ्लाय दीड फुटाखाली गेलेली नाही. पाच-सहापर्यंत पोहोचलात तर चार फुटांच्या पाण्यात बरोबर आहात.

उपाय या क्रमाने:

१. कोन बदला. ४५ अंश खालच्या दिशेला टाकत असाल तर काठाशी जवळजवळ काटकोनात, सरळ समोर टाका. फ्लायला बुडायला जास्त वेळ मिळतो.

२. पडताक्षणी वरच्या अंगाला मोठी मेंड मारा. मनगटाचा हलका झटका पुरत नाही. रॉड उंच उचलून हेडचा जमेल तेवढा भाग पाण्यावरून उचलायचा आणि वर ठेवायचा. यासाठी एक-दोन सेकंदच मिळतात. टिप बुडल्यावर मारलेली मेंड फ्लायला वर ओढते, म्हणजे तोटाच.

३. पाऊल फेकीनंतर टाका. बरेचजण दोन पावलं खाली चालून मग फेकतात. तीच दोन पावलं मेंड मारल्यावर, रॉडचं टोक खाली आणत टाकली की चार-पाच फूट ढील आपोआप मिळते. डोह तेवढाच पार होतो, फ्लाय मात्र फूटभर खोल जाते. फुकटातला सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही हाच.

४. मग फ्लायला वजन द्या: डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे असलेली लावा.

५. एवढं करूनही पाच मोजता येत नसतील तर टिप बदला. टी-८वरून टी-११, टी-११वरून टी-१४.

क्रमाला कारण आहे. पहिल्या तीन गोष्टी दर फेकीला बदलता येतात. जड टिप एकदा लावली की ती फेकीच्या शेवटी, काठाजवळच्या उथळ पाण्यातही तेवढीच जड राहते, आणि मासे तर बऱ्याचदा तिथेच असतात.

लीडरही तपासा. ट्राउटच्या सवयीने नऊ फुटी लीडर बांधलेला असेल तर टिप तळाशी आणि हलकी फ्लाय वर तरंगते. १२ ते १५ पौंडी ताकदीच्या साध्या मोनोफिलामेंटचा, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याचा, तीन ते चार फुटांचा तुकडा पुरे. निमुळता लीडर लागत नाही. फ्लोरोकार्बनच्या दोऱ्यावर पैसे घालवण्याचंही कारण नाही.

वेग: फ्लाय पळते

खोली मिळवायला काटकोनात फेकलं की दुसरं दुखणं सुरू होतं. धारेच्या मधोमध पाणी जास्त वेगवान असतं. ते लाइनच्या मधल्या भागाला खाली ढकलतं, लाइनला धनुष्यासारखा बाक येतो, आणि तो बाक फ्लायला चाबकाच्या टोकासारखा ओढत नेतो. साठ-सत्तर फुटांची फेक पंधरा सेकंदांत काठाला आली तर समजा बाक पडला आहे. अर्धा मिनिट किंवा जास्त लागायला हवा. दुसरी खूण नजरेची. लाइन पाण्यात शिरते तिथे पाणी फाटून रेघ उठते आणि शिरण्याची जागा फ्लायच्या बरीच खाली असते.

खोलीला काटकोन हवा आणि संथपणाला खालचा कोन हवा. ही गाठ पूर्ण सुटत नाही. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर संथपणा घ्या. तळापासून दोन फूट वरून सावकाश जाणारी फ्लाय मासा उठून धरतो. तळाशी असून पळणारी सोडून देतो. "तळाला ठोके लागत नाहीत म्हणजे व्यर्थ" हा समज बोजड टिपा विकायला बरा आहे.

संथ करायला सगळ्यात आधी लाइन आखूड करा. पंचेचाळीस फुटांवर नीट चालणारी फ्लाय नव्वद फुटांवर बाक खाऊन पळणारीपेक्षा कधीही चांगली. मग कोन ६० अंशांपर्यंत खाली, आपल्याच काठाकडे आणा. बुडण्याचा काळ संपला आणि लाइन हलकेच ताणली जाऊ लागली की रॉड धारेकडे बाहेर धरून ठेवा, फ्लायबरोबर लगेच आत आणू नका. टोक बाहेर राहिलं की बाक कमी होतो. दुसरी मेंड मारायचीच असेल तर छोटी, आणि रनिंग लाइन (हेडच्या मागची बारीक लाइन) व हेडच्या मागच्या भागापुरती. फ्लायला धक्का बसला तर मेंड जास्त झाली.

पुढे फ्लाय काठाजवळच्या मंद पाण्यात येते आणि उलटं करावं लागतं. तिथे ती मरगळते, बुडते, दगडात रुतते. आता रॉड काठाकडे आणून तिला पुढे ओढत न्या. शेवटी ती तुमच्या सरळ खाली येऊन थांबली की दहा सेकंद तशीच राहू द्या, मग दोनदा वीतभर ओढून सोडा. मागून आलेला मासा बऱ्याचदा इथे धरतो, आणि घाईने लाइन गुंडाळणाऱ्याला तो कधी कळतच नाही.

दर फेकीला तळात अडकते

वरच्याच्या उलट दुखणं, आणि उपायही उलट्या क्रमाने. आधी बघा, अडकते कुठे. धारेच्या मध्यावर अडकत असेल तर टिप जड आहे, एक पायरी हलकी करा. शेवटच्या पंधरा फुटांतच अडकत असेल तर टिप न बदलता रॉडने लवकर पुढे न्या, किंवा अर्धी तरंगणारी आणि अर्धी बुडणारी टिप लावा: पाच फूट तरंगती, पुढे पाच फूट टी-११. अशा जोडटिपांचे संच "मो" नावाने मिळतात. मॅक्यून, ओडॉनेल आणि वॉर्ड या तिघांच्या आडनावांची ती आद्याक्षरं. काठाजवळ खडकाचा उंबरठा असलेल्या जागी या टिपेला तोड नाही.

अडकून सुटलेल्या प्रत्येक गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढा. रुतलं तर ठीक. घसरलं तर कानशीने दोन-तीन फटक्यांत धार आणा किंवा गळ बदला. बोथट गळाने गमावलेला मासा दिवसातला एकुलता एक असू शकतो.

फेकच कोसळते

हेडचं वजन आणि टिप जुळत नसेल तर हाताचा दोष शोधण्यात अर्थ नाही. ७ वजनाच्या १३ फुटी रॉडला साधारण ५१० ते ५४० ग्रेनचं स्कॅजिट हेड लागतं, ८ वजनाच्याला ५७० ते ६००. ५४० ग्रेन म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. हे वजन टिपेशिवायचं. १० फुटी टी-११ त्यात ११० ग्रेन घालते, १० फुटी टी-१४ घालते १४०. साडेचारशे ग्रेनच्या हेडला बारा फूट टी-१४ आणि ओली, जड फ्लाय जोडली तर ते उलटून पडणारच नाही. लांब, निमुळत्या तोंडाचं स्कँडी हेड असेल तर जड टिप विसराच. त्याच्या बारीक टोकात एवढं वजन पुढे फेकण्याची ताकद नसते. लांबीही मोजा. हेड आणि टिप मिळून रॉडच्या अडीच ते पावणेतीन पट असावी. १३ फुटी रॉडला बत्तीस ते छत्तीस फूट.

सामान जुळतं आहे आणि तरी फेक कोसळते, तर दोन वेगवेगळे दोष असतात आणि त्यांची औषधं परस्परविरुद्ध आहेत. आधी ओळखा कुठला.

पहिला: फ्लाय पाण्यातून सुटतच नाही. रॉड पुढे मारताना चिखलात काठी रुतल्यासारखं वाटतं आणि लाइनचा ढीग समोर पडतो. कारण हे: फेकीआधी फ्लाय व टिप बाजूला पाण्यावर मांडल्यावर तुम्ही थबकलात, तेवढ्यात टिप बुडाली. मांडणी आणि मागचा वळसा, म्हणजे पुढे मारण्याआधी रॉड मागे फिरवणं, यांत खंड नको. सुरुवातही तपासा. फ्लाय खाली लटकत असताना रॉड दोन-तीन सेकंद घेत, सावकाश उचला, म्हणजे टिप पृष्ठभागाशी येते, मगच पुढचं. टिप फारच खोल असेल तर आधी एक साधी रोल फेक मारून तिला वर आणा.

दुसरा: फ्लाय पाण्यातून अवेळी उपटते. पाठीमागे चाबकासारखा आवाज येतो, फ्लाय मागच्या झाडात किंवा रॉडवर आदळते. वळसा फार जोरात घेतला, किंवा रॉड वर उचलत घेतला. सुरुवात सावकाश करा, टोक जवळजवळ एकाच पातळीत ठेवून रॉड बाजूने मागे न्या, आणि ताण शेवटपर्यंत तसाच ठेवा. टिप पाण्यावर घासत राहिल्याचा फाटल्यासारखा आवाज येत असेल तर बरोबर चाललं आहे.

दोन्हींत शेवटी पुढचा फटका वरच्या हाताने ढकलू नका. खालचा हात छातीकडे ओढा आणि रॉड उंचावर थांबवा.

वाऱ्याचा नियम मोडायचा नाही: फ्लाय नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडायची. वारा समुद्राकडून, नदीच्या वरच्या दिशेने असेल तर स्नॅप-टी नावाची फेक, जिच्यात फ्लाय वरच्या अंगाला मांडतात. वारा वरून खाली असेल तर डबल स्पे, जिच्यात ती खालच्या अंगाला मांडतात. उलटं केलं तर साडेतीन इंची फ्लाय गळासकट डोक्यावरून जाते. चष्मा आणि टोपी यासाठीच.

ओढ येते, मासा राहत नाही

झटका आला की रॉड वर उचलणं हा हाताचा जुना धर्म. कोकणात गरवताना तेच करतात आणि तिथे ते बरोबरच आहे. इथे मासा तुमच्या सरळ खाली असतो, तोंड तुमच्याकडे. तुम्ही उचललं की फ्लाय त्याच्या तोंडातून पुढच्या पुढे निघून येते. तो फ्लाय धरून वळला की गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, म्हणून त्याला वळू द्यायचं.

रॉडचं टोक खाली, लाइनच्या दिशेला. लाइन थेट रिळावरून जाऊ द्या, बोट तिच्यावर दाबलेलं नको. रिळाचा ब्रेक हलका: हाताने ओढली तर लाइन सरळ सुटावी, पण रीळ मोकाट फिरून गुंता होऊ नये. ओढ आली की काहीच करू नका. रीळ फिरायला लागलं, वजन जाणवलं, की मग रॉड आडवा, खालूनच, आपल्या काठाकडे घ्या. "काहीच करू नका" हे तीन शब्द अंगात मुरायला एक-दोन हंगाम आणि काही मासे खर्ची पडतात.

नुसते टकटक ठोके येत असतील तर ते बहुधा लहान ट्राउट किंवा समुद्राकडे निघालेली पिल्लं. त्यांना सोडा. एक ठोस ओढ येऊन सुटली तर जागेवरून हलू नका. मिनिटभर थांबा, तेवढीच लाइन, तोच कोन, पुन्हा टाका. काही नाही आलं तर लहान आणि काळपट फ्लाय लावा, तीन पावलं वर जा आणि परत खाली या. मागे दोरीवर गळ असलेली फ्लाय वापरत असाल तर गळ पिसांच्या टोकाशी सरळ राहतो का बघा. दोरी मऊ पडली की गळ खाली लोंबतो किंवा पिसांत अडकतो, आणि मासा नुसती पिसं धरून सोडतो. २ किंवा ४ नंबरचा आखूड दांड्याचा गळ पुरे.

मासा हाताशी आला की पाठीवरच्या पंखाच्या मागे, शेपटीआधी असणारा छोटा मांसल पंख बघा. तो असेल तर मासा जंगली, नसेल तर कृत्रिम पैदाशीचा. वॉशिंग्टनमध्ये सोडून द्यायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण काढणंही बेकायदा आहे, आणि किनारी नद्यांवर गळाच्या टोकामागचा उलटा काटा चालत नाही. काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. वॉशिंग्टनचे नियम हंगामाच्या मध्यातही बदलतात. कॅलिफोर्नियात काही नद्यांचं पाणी ठराविक पातळीखाली गेलं की तिथली मासेमारीच बंद होते. निघायच्या सकाळी पुन्हा बघा, आदल्या आठवड्याची माहिती धरून चालू नका.

गोठलेल्या सकाळी

हवा शून्याखाली गेली की रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, लाइन अडते आणि फेक अर्ध्यात तुटते. नखाने बर्फ उकरू नका, कडी वाकते. टोक पाण्यात पाच सेकंद बुडवा, पाणी हवेपेक्षा गरम असतं. ओठांना लावायचं मलम आधीच कड्यांना चोळलं तर तासभर बरं जातं. रनिंग लाइनच्या वळ्या पडत असतील तर सुरुवातीलाच दोन-दोन हात धरून ताणून घ्या. वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा, पट्टा कंबरेवर घट्ट हवा. पडलात तर आत पाणी भरायला तोच अडवतो.

आता रंग

पाणी गढूळ असेल तर काळी-निळी, मोठी, तीन ते साडेतीन इंची. गढुळात काळ्याची सावली उठून दिसते. हिरवट, तीन-चार फूट दिसणाऱ्या पाण्यात गुलाबी किंवा नारिंगी. काचेसारख्या पाण्यात दीड-दोन इंची, विरळ पिसांची, जांभळी किंवा काळी, सोबत हलकी टिप. डबीत या तीन असल्या की पुरे. चौथी तळातल्या दगडांसाठी ठेवा.